कोलारबाई मत मागायला निघाल्या

कोलारबाईंनी नोकरी सोडली तेव्हा अख्ख्या सेडलो गावाला वाटलं, बाई थकल्या. पण थकल्या कसल्या! जी शाळा पगार देते तिच्या मंडळावर शिक्षकाला बसता येत नाही, असा नियमच आहे. आणि बाईंना गावाच्या मतांवर निवडून येऊन मंडळावर बसायचंच होतं. गावची प्राथमिक शाळा बंद करायची आणि पोरांना बसने शेजारच्या गावी धाडायचं, असं मंडळात घाटत होतं. नेब्रास्कातला जानेवारी, हाडं गोठवणारा वारा आणि सहा-सात वर्षांची पोरं अंधारात बसची वाट बघत उभी. हे चित्र काही बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. मे महिन्यात त्यांनी तिसरीच्या वर्गाची किल्ली परत केली आणि उमेदवारीचा अर्ज भरला. समोर होता डुएन पोकर्नी, धान्याच्या कोठारांचा मॅनेजर. बाईंच्याच हाताखाली पाढे शिकलेला, आणि आता शाळा बंद करणाऱ्यांच्या बाजूचा.

बाईंचे यजमान लेनर्ड जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लांब सिॲटलला. स्वयंपाकघरात रेडिओ सारखा चालू असायचा, मक्याचे भाव सांगत. घरात मक्याचा दाणा नव्हता, पण माणसाचा आवाज तर होता. गुरुवारी शाळेत बीन्सचं तिखट कालवण आणि दालचिनीचे गोड रोल असायचे. बाई अजूनही गुरुवारी तेच करायच्या, एकटीसाठी. रोल तर शनिवारपर्यंत पुरायचे. आजवर हेच सगळं त्यांनी शंभर पोरांच्या कलकलाटात खाल्लं होतं. आता घास तोंडात फिरत राहायचा.

आता मत मागायचं म्हणजे तोंड उघडायला हवं, आणि तिथेच घोडं अडलं. आमच्याकडे स्वतःसाठी काही मागणं म्हणजे चारचौघांत ढेकर देण्यासारखं. कुणी तोंडावर नाहीही म्हणत नाही. ‘बघू की’ म्हणतात, त्यातच ओळखून घ्यायचं. बाईंनी तर पिढ्यान् पिढ्या पोरांना हेच पढवलं होतं की रांगेत जो पुढे घुसेल तो सगळ्यांत मागे जाईल. त्यांनी नावाच्या पाट्या छापून घेतल्या खऱ्या, पण ‘तुझ्या अंगणात लावतोस का’ असं कुणाला विचारवेना. पाट्या गॅरेजमध्ये पडून राहिल्या. एक काय ती स्वतःच्या अंगणात लावली, तीही लायलॅकच्या झुडपाआड, उगाच मिरवल्यासारखं नको म्हणून.

ऑक्टोबर संपता संपता मात्र बाई दारोदार निघाल्या.

“अगंबाई, बाई! या, या. पाय नका पुसू हो, घर कुठं चकाचक आहे!” दार उघडत जोलीन म्हणाली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी.

“आई कशी आहे गं?”

“गुडघा धरलाय. डॉक्टरकडे जाईल तर शपथ! बसा, कॉफी टाकते.”

दोन कप कॉफी झाली. गुडघा झाला, कापणी झाली, पाद्रीबाबांचं लांबलचक प्रवचन झालं. शब्द बाईंच्या जिभेवर येऊन बसले होते. शेवटी घसा खाकरून त्या म्हणाल्या, “मंगळवारी मतदान, नाही का?”

“हो ना. गाडी लावायला जागा मिळेल तर नशीब.”

“हो, तेही आहेच,” म्हणून बाई उठल्या.

निघताना जोलीनने जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव, आमचे कोलाचे, ताटलीत घालून दिले. “कधीही या हं, बाई.” बाईंना वाटलं, हे मत पक्कं. मग प्रत्येक घरी तेच झालं. फ्रिज कोलाच्यांनी भरला, ओट्यावर ताटल्यांची चळत लागली. चळत बघून बाईंचा जीव सुपाएवढा व्हायचा. आपल्याकडे एवढी माणसं आहेत, असं त्यांना कितीतरी दिवसांनी वाटलं.

मंगळवारी बाई पडल्या. थोडक्यात नव्हे, सपाटून.

ताटली कधी रिकामी परत करायची नसते. बाईंनी गुपचूप रोल भाजले आणि पहिली ताटली घेऊन जोलीनकडे गेल्या. बाईंचा उतरलेला चेहरा बघताच जोलीन रडकुंडीला आली.

“बाई, तुम्हाला खरंच निवडून यायचं होतं?”

“म्हणजे काय गं?”

“तुम्ही एकदासुद्धा म्हणाला नाहीत! डुएन आला, टोपी काढली, म्हणाला, ‘जोलीन, तुझं मत हवंय मला.’ मागितलं त्याने, दिलं मी. तुम्ही मात्र आईचा गुडघा विचारून गेलात. आम्हाला वाटलं, वेळ जावा म्हणून उभ्या राहिल्यात. घर खायला उठत असेल म्हणून येताय. चर्चमध्ये आम्ही बायकांनी ठरवलंच होतं, बाई आल्या की बसवून घ्यायचं आणि रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.”

बाई हसल्या. काय करणार? गाडीत येऊन बसल्यावर मात्र त्यांना रडू फुटलं. मतं गेली त्याचं नव्हे. घर खायला उठतं, हे अख्ख्या गावाला दिसलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

गुरुवारी डुएन आला, बायकोने दिलेली ताटली घेऊन. “राग नाही ना, बाई?”

“बस. कालवण केलंय.”

तो मन लावून जेवला. तिसरीतल्यासारखाच रोल आधी कालवणात बुडवून. बाईंनी हातातला टॉवेल घट्ट धरला.

“डुएन, शाळा बंद करू नकोस. मी मागतेय तुझ्याकडे.”

आयुष्यात पहिल्यांदा मागितलं होतं.  डुएनने मान खाली घातली आणि अगदी मायेने म्हणाला, “बघू की, बाई.”

तो गेल्यावर बाईंनी त्याची ताटली धुतली, पुसली. सवयीने मैद्याचा डबा खाली काढला. मग तो परत वर ठेवला. ही ताटली त्या रिकामीच नेणार होत्या, आणि डुएनच्या दारात पुन्हा तेच मागणार होत्या.