नोंदबाईंची मोठ्या अक्षरांची फाइल

आमच्या सेक्टरातल्या वाचनालयात नोंद झाल्याशिवाय पंखासुद्धा लागत नसे. कोण आलं, काय नेलं, परत आलेल्या पुस्तकाच्या कितव्या पानावर चहाचा डाग होता, हे सगळं तिथल्या ग्रंथपाल बाई लांबलचक वहीत निळ्या शाईनं लिहून ठेवत. त्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि कोपरखैरण्याच्या आमच्या कोपऱ्यात त्या 'नोंदबाई' झाल्या. एकदा एका सदस्याच्या तोंडून त्यांच्यासमोरच ते नाव निसटलं. तो बिचारा ओशाळला. बाई वहीतून मानही वर न करता म्हणाल्या, "असू दे. बिननोंदीची बाई म्हणण्यापेक्षा बरं."

मी तळोज्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्ट नसली की मी वाचनालयातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर जाऊन बसायचे, कारण घरी आम्ही दोघीच आणि आई माझा मोबाइल बिनदिक्कत हातात घ्यायची. मला आईला एक गोष्ट सांगायची होती. माझं एका मुलीवर प्रेम होतं, आहे. आई सातवी शिकलेली, पण वाचायची भारी हौस. वाचनालयाचं कार्डही तिच्याच नावावर. तिच्या हातात काहीतरी वाचायला द्यावं आणि मग बोलावं, असं माझ्या मनात होतं. पण नेटवर जे चांगलं सापडे ते इंग्रजीत, आणि मराठीत सापडे ते वाचून मलाच रडू येई.

"इतकी पानं उघडून लगेच बंद करतेस, तुला हवंय तरी काय?" बाईंनी एके दिवशी मागे उभं राहून विचारलं. मी घाबरून खरं तेच सांगून टाकलं. बाईंनी 'विचारणा' नावाची वही काढली आणि लिहिलं : विषय – समलिंगी व्यक्ती. भाषा – मराठी. कोणासाठी – आई. मी दाराकडे वळून कुणी आलंय का ते बघितलं. "वाचकाचं नाव लिहायची पद्धत नाही या वहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी ये."

पुढचे कित्येक बुधवार आम्ही दोघी त्या कॉम्प्युटरसमोर बसलो. बाईंचे तीन प्रश्न ठरलेले असत : कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं? उत्तर मिळालं नाही की ते पान बाद. 'शंभर टक्के उपचार' सांगणारी एक वेबसाइट होती, तिचा पत्ता त्यांनी वहीत लाल शाईनं लिहिला आणि पुढे 'वर्ज्य' असा शेरा मारला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तीनशे सत्त्याहत्तर कलमाबद्दलचे लेख मी पुढे केले, तर म्हणाल्या, "सुप्रीम कोर्टाचा निकाल उपलब्ध आहे ना? मग निकालच वाचायचा." तो शेकडो पानांचा इंग्रजी निकाल त्यांनी महिनाभर डिक्शनरी घेऊन वाचला आणि त्याचा सहा पानी मराठी गोषवारा केला. एका म्हाताऱ्या गृहस्थांची मराठी मुलाखत व्हिडिओवर सापडली, ती थांबवून थांबवून शब्दन्‌शब्द उतरवून काढली. जुन्या शिल्पांची छायाचित्रं, मोर्चांचे फोटो, एका आईनं आपल्या मुलाबद्दल लिहिलेलं पत्र, सगळं एका फाइलीत जमत गेलं.

हेल्पलाइनचे नंबर मात्र त्या स्वतः लावून बघितल्याशिवाय लिहीत नसत. एकदा पलीकडच्या मुलीला वाटलं, बाईंनाच कुणाशी तरी बोलायचंय. बाई वीस मिनिटं फोन कानाला लावून "हो हो, बरोबर" करत बसल्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "मलाच धीर देत होती गं. म्हणाली, आता या वयात तरी मनासारखं जगा. चांगली आहे पोरगी. घे तिचा नंबर." मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. त्या विषयावर मी हसू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

फाइल बांधून झाली, तिच्यावर वाचनालयाचा शिक्का बसला, दाखल क्रमांक पडला : चार हजार एकशे बारा. मी ती घरी नेली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. आज देते, उद्या देते, करत मुदत उलटून गेली. आता बाईंचा शिरस्ता असा, की शनिवारी सकाळी मुदत उलटलेल्यांना फोन करायचे आणि पुस्तकाचं पूर्ण नाव वाचून दाखवायचं. नंबर अर्थातच कार्डावरचा, म्हणजे आईचा. मी शिफ्टला होते. बाईंनी माझ्या आईला फोन लावून स्वच्छ आवाजात सांगितलं, "समलिंगी व्यक्ती : हक्क, इतिहास आणि संस्कृती. चार दिवस वर झालेत."

मला हे कळलं सोमवारी, शनिवारी न लागलेला कुणाचा तरी फोन त्या शेजारच्या टेबलावरून पुन्हा लावून पुस्तकाचं नाव वाचून दाखवत होत्या तेव्हा. म्हणजे आईलाही असाच फोन गेला असणार. दोन दिवस आई माझ्या मोबाइललाही हात लावत नव्हती, ते त्यामुळे होय! मी वाचनालयात कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "बाई, तुम्ही काय केलंत हे?" बाईंचा चेहरा उतरला. टोपण घालायचं विसरून त्यांनी पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "क्रमांक बघितला, तुझ्याकडे बघितलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी देवघेवीची वही माझ्याकडे फिरवली. "पण हे बघ. काल सकाळी आल्या होत्या." चार हजार एकशे बारासमोर 'मुदत वाढवली' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी आईची सही होती. "मी काही विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणाल्या, माजं वाचून व्हायचंय अजून."

मी धावतच घरी गेले. आई खिडकीशी फाइल घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बाईंना सांग, अक्षर लय बारीक हाय. त्या पोराच्या आईचं पत्र वाचताना माजे डोले दुखले." मग पान उलटून विचारलं, "कोन हाय ती? जेवते काय नीट?" मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले.

बाईंनी संपूर्ण फाइल मोठ्या अक्षरांत पुन्हा छापली, दोन प्रती केल्या. पुढच्या शनिवारपासून फोनवर पुस्तकाचं नाव सांगणं बंद झालं, फक्त क्रमांक. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तसा नियम लिहिला आणि खाली 'कारण – माझी चूक' अशी नोंदही केली.

गेल्या वर्षी बाई कोकणात आपल्या गावी राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी आईनं त्यांच्यासाठी खास जवळ्याची चटणी नेली. बाईंनी वाचनालयाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, मग स्वतःच्या कार्डावर चार हजार एकशे बाराची एक प्रत रीतसर घेतली आणि पिशवीत घातली. "तिथेही कुणीतरी असेलच," म्हणाल्या. आता सुट्टीच्या बुधवारी त्या फाइलीतले पत्ते मी तपासते, बंद पडलेले काढते, हेल्पलाइनचे नंबर लावून बघते. शनिवारचे फोनही मीच करते.

दर वेळी आपणहून फोन करून मुदत वाढवून घेणाऱ्या बाईंचंच नाव परवा यादीत आलं. मी फोन लावला आणि त्यांच्याच पद्धतीनं सांगितलं, "चार हजार एकशे बारा. मुदत उलटून नऊ दिवस झालेत, बाई."

"वाढव मुदत," बाई म्हणाल्या. "इथल्या एका मुलाची आई वाचतेय."