खिडकीतून टाकलेला रुमाल

धाराशिवच्या स्टँडवर सकाळची वाशीची गाडी फलाटाला लागते न लागते तोच भरते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर दारातून चढायचं म्हणजे कोपरांत जोर हवा. म्हणून लोक खिडकीतूनच रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते सीटवर टाकतात. या टाकलेल्या रुमालाला इथं सातबाऱ्याइतका मान आहे. त्याच्यावरून शिव्या देतील, पण उचलणार कुणी नाही.

वाशी म्हणजे मुंबईकडची नव्हे, आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी तिथं एका कचेरीत कामाला, आणि माझी मैत्रीण तिथल्या दवाखान्यात नर्स. सात वर्षं आमचं रोजचं अप-डाऊन. ती स्टँडजवळ राहते, त्यामुळं आधी पोचायची आणि दोन जागा धरायची, एक तिची, एक माझी. मी धापा टाकत चढले की ओरडायची, "अगं, कुठं मेली होतीस? ये की!" त्या सव्वा तासात मी तिला सगळं सांगायची. सासूचं पथ्य, पोरीची बारावी, नवऱ्याचा अबोला. घरी माझं ऐकून घेणारं कुणी नाही, माझं जे काही बोलणं होतं ते त्या सीटवर.

मग दिवाळीनंतर ती शिक्षिका आली. नुकतीच बदली होऊन आलेली, तिशीच्या आतली, कानात त्या बिनवायरीच्या बिया घातलेली. पहिल्या आठवड्यात ती आमच्याशेजारी उभी राहायची. दुसऱ्या आठवड्यात मी चढले तर माझ्या जागेवर ती बसलेली.

"तिला गाडी लागते गं," मैत्रीण म्हणाली. "खिडकी लागतेच तिला. तू राहशील की उभी येरमाळ्यापर्यंत, तिथं मिळते जागा."

गाडी लागते म्हणे! मला सात वर्षांत कधी काही लागलं नाही, हाच माझा गुन्हा. मी दांडीला लोंबकळत दोघींची डोकी वरून बघायची. त्या हसायच्या, आणि गाडीच्या खडखडाटात मला कशावर हसल्या ते ऐकू यायचं नाही. एकदा मैत्रिणीनं डब्यातली शेंगाची चटणी तिच्या तळहातावर घातली, मग मान वर करून मला विचारलं, "तुला हवी का?" आधी तिला, मग मला. माझ्या पोटात दुखत होतं, सरळ सांगते. त्या पोरीनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, तरी तिची बदली थेट गडचिरोलीला व्हावी असं मी मनात म्हणायची.

एका सोमवारी मी मुद्दाम लवकर निघाले. गाडी लागलेली होती. पाटीवर धाराशिव होतं, पण कंडक्टर अजून "उस्मानाबाद-वाशी, उस्मानाबाद-वाशी" करत होता. मैत्रीण खाली चहाच्या टपरीवर होती. सीटवर एका बाजूला तिची पिशवी आणि खिडकीशी तिचा हिरव्या काठाचा रुमाल. तो कुणासाठी होता ते मला सांगायची गरज नव्हती. मी तो उचलला, मागच्या बाकावर ठेवला आणि खिडकीशी बसले. चुकतंय हे कळत होतं, पण बरंही वाटत होतं.

थोड्या वेळानं दोघी बरोबरच चढल्या. मैत्रीण थबकली. "इथं माझा रुमाल होता."

"नव्हता बाई," मी म्हणाले. "जागा रिकामीच होती."

मागच्या बाकावर फेटेवाले एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी रुमाल उंच धरला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवं माय, तुमीच उचलून हितं ठिवला की! म्या बघितलं न्हाय व्हय?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. शिक्षिका गडबडीनं म्हणाली, "असू द्या मॅडम, मी उभी राहते." मला वाटलं, आता मैत्रीण तोंड सोडेल. सोडावं, असंच मला वाटत होतं. मीही चार शब्द सुनावले असते, रडले असते, आणि येरमाळा यायच्या आत भांडण मिटलं असतं.

तिनं बाबांच्या हातातून रुमाल घेतला, त्याची घडी घातली. मग माझ्या शेजारची आपली पिशवी उचलून खांद्याला लावली.

"बसा तुम्ही," ती मला म्हणाली.

सात वर्षांत तिनं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.