कथलाची राख

मी बेळगावात मास्तरांचा मास्तर होतो. खेड्यापाड्यांतले अनट्रेंड मास्तर ट्रेनिंगला येत, त्यांना मी पदार्थविज्ञान शिकवत असे. वय सव्वीस, नोकरी कच्ची आणि डोक्यात नको तितकी हवा. सरकारी पुस्तकात लिहिलेलं असे, 'ज्वलन म्हणजे पदार्थाचा प्राणवायूशी संयोग होय.' वर्ग ते एका सुरात घोकून टाकी आणि पुढच्या धड्याला लागे. मला त्याची चीड यायची. एवढं एक वाक्य हाती लागायला शहाण्या माणसांच्या पिढ्या खपल्या, आणि ही मंडळी ते पाढ्यासारखं म्हणून मोकळी होत.

मग मी ठरवलं, आधी चूक शिकवायची. विलायतेतले जुने पंडित मानत, की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक अग्निद्रव्य असतं आणि जळताना ते निघून जातं. आठ दिवस पुस्तक मिटून ठेवून मी त्या पंडितांची वकिली केली. लाकूड जळलं की मागे मूठभर राख उरते, म्हणजे काहीतरी गेलंच की. दिव्यावर भांडं पालथं घातलं की तो विझतो, कारण आतली हवा त्या द्रव्यानं भरते आणि आणखी मावत नाही. वर्गाला हे इतकं पटलं की मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

फक्त सदलग्याकडच्या अण्णांना पटेना. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, शेतकरी जैन घरातले, घरात कानडी आणि शाळेत मराठी. एका वाडीवर त्यांनी एकट्यानं शाळा उभी केली होती. सर्टिफिकेट मिळालं तर ती शाळा त्यांच्याकडे राहणार होती. नाही मिळालं तर तिथे ट्रेंड मास्तर येणार आणि अण्णा निपाणीला थोरल्या भावाबरोबर तंबाखूच्या वखारीत जाणार. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, आपल्या गावाचं नाव सांगावं तसं.

वर्ग सुटल्यावर ते थांबत. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे, त्यामुळे वाद घालतानाही त्यांचा एक डोळा खिडकीकडे असायचा.

"गुरुजी, जळताना काय तरी जातंय म्हणतासा. मग जळल्यावर वस्तू हलकी व्हायला पायजे की न्हाय?"

"व्हायला पाहिजे."

"समदीच?"

दुसऱ्या दिवशी मी कल्हईवाल्याकडून कथील आणलं आणि सोनाराकडून तराजू आणि मातीची मूस उसनी आणली. अण्णांनी स्वतः शेगडीपाशी बसून ते कथील तापवलं, कणही सांडणार नाही अशा बेतानं हलवत राहिले, तास न् तास. शेवटी त्याची करडी राख झाली. ती त्यांनी तीनदा तोलली. कथलापेक्षा कथलाची राख काही गुंजा जड भरली.

"काय गेलं न्हाय गुरुजी," ते म्हणाले. "आलंय."

असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. त्यांनी लगेच विचारलं, की जुन्या पंडितांना हे दिसलं नव्हतं काय? दिसलं होतं, मी म्हटलं, पण काहींनी सांगून टाकलं की त्या द्रव्याचं वजनच उलटं असतं, ते गेलं की वस्तू जड होते. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी डोळे पुसले.

"म्हंजे आपल्यालाबी उद्या कुनीतरी असंच हसंल."

"हसेल," मी म्हटलं. "आज आपण म्हणतो ते आजच्या तराजूवर खरं. हे मुलांना सांगितलं नाही तर शास्त्र शिकवलंच नाही म्हणायचं. लिहून ठेवा अण्णा."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेलो.

वर्षअखेरीस तोंडी परीक्षा घ्यायला शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब आले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. साहेबांनी अण्णांना विचारलं, ज्वलन म्हणजे काय? अण्णा जुन्या पंडितांपासून सुरू झाले. साहेबांनी हात वर केला. "मास्तर, मी पुराण विचारलं नाही. व्याख्या सांगा." अण्णांनी व्याख्या सांगितली, अगदी पुस्तकातल्या शब्दांत. तिथेच थांबले असते तर पास होते.

"पर साहेब, हे आजच्या तराजूवर खरं हाय. उद्या बदलायबी शकंल."

"म्हणजे सरकारी पुस्तक खोटं?"

"खोटं न्हवं. आजच्यापुरतं खरं."

"आणि हे तुम्ही मुलांना सांगणार?"

"व्हय साहेब. सांगाय पायजे."

साहेबांनी टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

माझ्या नोकरीच्या कायमपणावर त्याच साहेबांची सही व्हायची होती. मी म्हटलं, "नाही साहेब. वर्गात फक्त पुस्तक शिकवलं जातं."

अण्णांच्या मांडीवर ती वही होती. ती उघडून त्यांना दाखवता आली असती. त्यांनी ती उघडली नाही. निकालात त्यांचं नाव नव्हतं. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली, घरात पेढे वाटले गेले, आणि मीही एक खाल्ला. इतका मी भेकड होतो, हे लिहायला आता लाज वाटण्यासारखंही काही उरलेलं नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी एका लग्नासाठी निपाणीला गेलो, तेव्हा पत्ता काढत वखारीवर गेलो. दारातच तंबाखूचा उग्र खाट नाकात गेला आणि शिंका सुरू झाल्या. अण्णा आत पोती रचून घेत होते. अंगानं निम्मे झालेले, डोळे लाल. मला पाहून त्यांनी उपरण्यानं पोतं झटकलं, त्यावर बसवलं, चहा सांगितला. त्यांच्या वाडीवर आता ट्रेंड मास्तर होता. त्याच्याबद्दलही ते चांगलंच बोलले. मला ते ऐकवेना.

"अण्णा, त्या दिवशी मी साहेबांसमोर खोटं बोललो. ते सगळं मीच तुम्हाला शिकवलं होतं, आणि ते बरोबर होतं."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"न्हाय गुरुजी. म्या त्येचा लई इचार केलाय. माझी शाळा जानार हे तुमास्नी ठावं हुतं. असल्या वक्ताला तुमच्यासारखा मानूस खोटं बोलंल व्हय? साहेबास्नी सांगितलासा तेच खरं. वर्गातलं तुमी आमच्या करमणुकीसाठी सांगितलं असनार. म्या येड्यानं ते मनावर घेतलं."

"कथील तुम्ही स्वतः तोललंत, अण्णा. तीनदा."

"उसना तराजू, गुरुजी. काय तरी चुकलं असंल."

मी पुन्हा समजावू लागलो. तपशील सांगितले, शपथ घेतली. ते आजाऱ्याजवळ बसावं तसे शांतपणे ऐकत होते. मी जितकं बोलत गेलो तितकी त्यांची खात्री होत गेली, की मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतोय. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी जिवाला लावून घिऊ नगासा," ते म्हणाले. "तुमी कवाच खोटं बोलला न्हाय."