बर्फातला मोबाईल

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीची लाँच लागायच्या आधी तिथे बर्फ हजर लागतो. म्हणून किनाऱ्याजवळ रेंज मिळाली की आमचे हे लाँचवरून घरच्या मोबाईलवर फोन करायचे, "बर्फ सांगून ठेवा." पण तो मोबाईल माझ्या दहावीतल्या लेकाच्या हातून सुटेल तर शपथ. जेवतानासुद्धा त्यातल्या गेमचा साप वाढवत बसायचा.

एका दुपारी गेम मोडेल म्हणून त्यानं बापाचा फोन चक्क कापला आणि आम्हाला सांगितलंही नाही. लाँच आली तर जेटीवर बर्फ नाही. टपच्या टप बांगडा उन्हात मऊ पडला. व्यापाऱ्यांनी बोट लावून बघितलं नि तोंड फिरवलं. सगळा खताला गेला. ह्यांनी टप धुऊन ठेवले. मी गप्प बसणारी नव्हे.

दुसऱ्या दिवशी बर्फाची गाडी आल्यावर मी लेकाच्या हातातून मोबाईल हिसकावला, रिकाम्या टपात टाकला आणि वर फावड्यानं बर्फ ओतला.

तो रडकुंडीला आला. "आये, खराब होईल गो तो!"

मी आणखी एक फावडं ओतलं.

"बर्फात काही नासत नाही, मेल्या," म्हटलं. "विचार तुझ्या बापाला."