लिब्रादा मावशीचा कार्दोन

निवडुंगाला नुसतं निवडुंग म्हटलेलं लिब्रादा मावशीला खपायचं नाही. "तुला मी नुसतं 'ए माणसा' म्हणून हाक मारते का रे ठोंब्या?" असं म्हणून ती अंगावर यायची. मांडीवर अर्धी विणलेली टोपली, डोक्याला फडकं आणि एकेका निवडुंगाचा स्वभाव सांगत तोंडाचा पट्टा सतत चालू. चोया नकोशा पाहुण्यासारखा कपड्याला चिकटून घरापर्यंत येतो. आंबट पिताया मेला जमिनीवर लोळत वाढतो, पण चवीला गोड पितायाच्या वरचढ. पिंपासारखे बुटके तीन जातीचे, त्यातल्या एकाचंच पाणी प्यायचं. दुसऱ्याचं प्यालास तर दिवसभर पोट धरून बसशील. दगडाआड लपणारा, गळासारख्या काट्यांचा अंगठ्याएवढा एक असतो. लहानपणी माझा कान ठणकला की त्याचाच रस कोमट करून ती कानात सोडायची.

माझ्या डोक्यात यातलं काही राहिलं नाही. मी मच्छीमार. पाण्याखालचं मला सगळं कळतं, किनाऱ्यावर मात्र जे उंच ते उंच आणि जे टोचतं ते टोचतं.

खरं सांगायचं तर मी ते शिकायचंच नाही असं ठरवलं होतं. आमच्यात मूल जन्मलं की त्याची वार कार्दोन किंवा सावारो या झाडाएवढ्या उंच निवडुंगांच्या बुडाशी पुरतात. सोबत पाच छोटी रोपं ठेवतात आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर राख पसरतात. मग ते झाड जन्मभर त्या माणसाचं. माझ्या वेळी मी पोटात आडवा होतो, म्हणून आईला मासळीच्या ट्रकमधून शहरात दवाखान्यात नेलं. तिथे वारेचं काय केलं ते कुणी विचारलंही नाही. बादलीत गेली असणार. पोरं एकमेकांना "तुझा कुठला?" विचारायची, तेव्हा मी दगड मारत समुद्राकडे निघून जायचो. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा हेवा जास्त.

मावशीचा कार्दोन समोरच्या बेटावर होता. तिचा जन्म तिथल्याच मुक्कामावरचा. दर वर्षी कार्दोन फुलायला लागले की मी तिला होडीतून सामुद्रधुनीपलीकडे न्यायचो. किनाऱ्याला लागलं की ती म्हणायची, "चल की वर."

"होडी कोण बघणार? प्रवाह ओढून नेईल."

"नेऊ दे. माणूस वर येऊन बसला तर मरतो का?"

मी जात नसे. होडीतून मला तो कार्दोन दिसायचा, हातांसारख्या सात फांद्यांचा, टेकडीच्या उतारावर. मावशी त्याला पाठ टेकून तासभर बसायची आणि वर्षभराच्या बातम्या त्याला सांगायची. कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं, माझी बायको मला कशी सोडून गेली, सगळं. मी पाण्याकडे तोंड करून गळ टाकायचो.

गेल्या सप्टेंबरात वादळ झालं. चार दिवसांनी जाळी बघायला बेटाजवळून गेलो तर उताराच्या कडेवर नुसतं आभाळ. कार्दोन नव्हता. मी होडी न थांबवता परत आलो आणि कुणाला काही बोललो नाही. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, पायांत त्राण नव्हतं. हे ऐकून ती हाय खाईल आणि तिच्यामागे माझं कुणीच उरणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

एप्रिल आला, कार्दोन फुलायला लागले. मी इंजिनाचं निमित्त काढलं, मग वाऱ्याचं.

"तुझं इंजिन दुरुस्त होईपर्यंत मी थांबायचं का मरायची?" मावशी म्हणाली. "उद्या निघायचं."

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. नेहमीच्या जागेच्या अलीकडे, बेटाच्याच एका खाडीत होडी लावली. तिथे चढ कमी होता आणि जवळच एक भलं उंच झाड उभं होतं. मावशीला हाताला धरून त्याच्यापुढे नेलं आणि म्हणालो, "आलो बघ."

तिने तळवा पुढे केला आणि लगेच मागे घेतला. मग दोन बोटांनी काट्यांच्या मधली जागा चाचपली, खोडाच्या उभ्या धारा मोजत, मग थेट बुडापर्यंत.

"हा सावारो आहे," ती शांतपणे म्हणाली. "आणि पोरगा आहे अजून. माझ्या म्हाताऱ्याच्या बुडाला एक काटा उरलेला नाही, म्हणून तर पाठ टेकता येते. हा कुणाचा आहे, वेंतुरा?"

मी तिला परत होडीकडे वळवायला लागलो.

"पडला का तो?"

"सप्टेंबरात."

"आणि तू मला दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाशी बोलायला लावणार होतास. मला फसवायचं तर निदान कार्दोन तरी शोधायचास, गाढवा."

मग ती तिथेच खाली बसली आणि रडली. मी तिला आजवर रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. जरा वेळाने नाक पुसून म्हणाली, "ने मला."

मी तिला पाठुंगळी घेतलं आणि त्या उतारावर पहिल्यांदा चढलो. कार्दोन आडवा पडला होता. गर वाळून गळत होता, आतल्या लाकडी काठ्या उघड्या पडल्या होत्या. दोन हातांच्या टोकांना तशातही फुलं आली होती. मी ते सांगितलं तर म्हणाली, "आतलं पाणी संपेपर्यंत फुलतो तो."

चाचपडत ती बुडाशी गेली. उपटलेल्या मुळांच्या खड्ड्याशेजारी तिने माती थोपटली.

"इथे माझी वार," ती म्हणाली. हात वीतभर सरकवला. "आणि इथे तुझी नाळ."

"माझी?"

"दवाखान्यातून आलास तेव्हा बेंबीला सुकलेला तुकडा होताच की. गळून पडल्यावर तुझ्या आईने मला चिंधीत बांधून दिला. म्हणाली, तुझ्या झाडात याला घे. पाच रोपं ठेवली, राख टाकली, सगळं रीतसर केलं."

"सत्तेचाळीस वर्षं झाली, मावशी. सांगितलं का नाहीस?"

"झाड दाखवायचं असतं, होडीत बसलेल्याला ओरडून सांगायचं नसतं. दर वर्षी म्हणत होते, चल वर."

दर वर्षी ती मला माझ्याच झाडाकडे बोलवत होती आणि मी पाण्यात गळ टाकून बसलो होतो. ते उभं असताना माझी पाठ एकदाही त्याला लागली नाही. आता ती लागावी असं इतकं वाटलं, की मी त्या पडलेल्या खोडाला टेकून खाली बसलो. वाळलेल्या काठ्या पाठीत रुतल्या.

मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोल आता त्याच्याशी. अजून फुलं आहेत तोवर ऐकेल."

"काय बोलू? कुठून सुरू करू?"

"जन्मलास तिथून," ती म्हणाली. "मला घाई नाही."

खाली होडीचा दोर सुटल्याचं मला दिसत होतं. मी बोलायला लागलो.