मधला खटका

आमची मावशी दवाखान्यात कुणाला भेटायला गेली, की आधी पेशंटला उठवून बसवायची. कसं वाटतंय, काय खाल्लं, डॉक्टर काय म्हणाले, ही सगळी चौकशी नंतर. आधी पाठीमागे उशी. उशी नसली तर गुंडाळलेली चादर, तीही नसली तर स्वतःचा खांदा. नर्सबाई रागवायच्या. मावशी निमूटपणे ऐकून घ्यायची आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या की पुन्हा उशी सरकवायची. असं का करतेस म्हणून मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "बसलेल्या माणसासंगं लोक बोलत्यात, पोरी. झोपलेल्याबद्दल बोलत्यात."

हे कळायला तिला भरपूर संधी मिळाली होती. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिचं दोन खोल्यांचं घर, आणि धारूरकडच्या डोंगरात आमची सगळी भावकी. कुणाची बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, कुणी मोटारसायकलवरून पडला, की पेशंट दवाखान्यात आणि सोबतची माणसं मावशीकडे. तिला मूलबाळ नव्हतं, पण घर कधी रिकामं दिसलं नाही. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता. आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण त्या पलंगावर कधी ना कधी रडत झोपलेला आहे. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा मीही झोपले. सकाळी उठले तर उशाला चहा आणि दवाखान्यात न्यायचा डबा तयार. फुकटची धर्मशाळा मिळाल्यासारखे लोक यायचे, याचा मला राग यायचा. तिला कधी आलेला पाहिला नाही.

मग तिच्याच घरात पेशंट झाला. काका, म्हणजे मावशीचे यजमान, एसटीत कंडक्टर होते. सगळं आयुष्य गर्दीत, बोलण्यात गेलेलं. रिटायर झाल्यावरही ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कुठं निघालात म्हणून विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांचं हृदय कमजोर झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, औषधं चालू ठेवा, सपाट झोपवू नका, दम लागेल. किती दिवस आहेत, असं मावशीनं विचारलं नाही. "बसवून ठिवलं तर चालंल का?" एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, उलट चांगलं.

पलंगावर ठेवलं तर काका दिवसभर पेशंट म्हणून पडून राहणार आणि आलेला प्रत्येक जण त्यांच्या अंगावरून बोलणार, ही तिची धास्ती. त्यांनी सोफ्यावर बसावं, घरच्या माणसासारखं चार लोकांत, आणि रात्री तिथंच टेकावं. म्हणून पलंग काढून सोफा-कम-बेड घ्यायचा ठरला आणि मला चौसाळ्याहून बोलावून घेतलं.

दुकानदारानं रंग दाखवायला सुरुवात केली. मावशीनं रंगाकडे बघितलंही नाही. "उघडून दावा," म्हणाली. पहिल्याची बैठक ड्रॉवरसारखी पुढे ओढली जात होती. मावशीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि ती भर दुकानात त्यावर आडवी झाली.

"आमच्याकडं ह्यो उत्तरच्या भिताडाला लागणार. मग पाय कुणीकडं आले?"

दुकानदार हसला. मग त्यानं हातानं दिशा काढली आणि हसू आवरलं. "दक्षिणला आले की, मावशी."

दक्षिणेकडे पाय करून आमच्यात माणसाला एकदाच ठेवतात. मी म्हटलं, उलटं झोपायचं, डोकं इकडे घ्यायचं. "मग टेकायला काय ऱ्हायलं? पाठीला काय पाय टेकवू ह्यांचे?" असं म्हणून ती उठली आणि पुढच्याकडे गेली.

दुसऱ्याची गादी घडी उलगडून थेट जमिनीवर पडायची. त्यावरून उठताना तिला स्वतःलाच गुडघा धरावा लागला. "हितून ह्यांना उठवायला भावकी बोलवावी लागंल."

तिसरा खटक्याचा. त्याची पाठ वर उचलली की खट आवाज व्हायचा आणि ती मागे पूर्ण सपाट पडायची. सपाटावरून उचलली की अर्ध्यात एका खटक्यावर थांबायची, आणखी उचलली की सरळ बैठक. त्या मधल्या खटक्यावर मावशी बराच वेळ टेकून बसली. पाय जमिनीवर, डोळे मिटलेले. दुकानदार भला होता. म्हणाला, "ह्याचं एक हाय, मावशी. बैठकीवरून मधल्या खटक्यावर सरळ येत न्हाई. आधी पार सपाट पडतो, मग उचलून मधी घ्यायचा. अन् भिताडापासून जागा सोडावी लागती."

"रिकामा पडू द्या की सपाट," मावशी म्हणाली. "वर माणूस नसला म्हंजे झालं."

"अन् ह्याच्यावर बसलं तरी पाय दक्षिणलाच की," मी मुद्दाम म्हटलं.

"भुईला टेकल्यात की. पाय भुईला असलेल्या माणसाला कसली आलीय दक्षिण?"

तो सोफा टेंपोतून घरी आला. रोज दिवेलागणीला मावशी काकांना हात धरून शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायची, पाठ रिकामी पाडायची, उचलून मधल्या खटक्यावर घ्यायची, चादर घालायची आणि त्यांना परत आणायची. सकाळी पुन्हा बैठक. खटका वाजला की काका खुर्चीतून म्हणायचे, "चला, जाऊ द्या गाडी." दम पुरत नसला तरी एवढं म्हणायचेच.

एकदा मी गेले होते तेव्हा, दम वाढला म्हणून काका दुपारीही मधल्या खटक्यावर डोळे मिटून होते. त्यांचे चुलतभाऊ आले, गावचे माजी सरपंच. उभ्या उभ्याच मला म्हणाले, तेही सभेतल्या आवाजात, "आता काय लई दिवसाचं न्हाई हे. ह्या जागेचं काय ठरवलंय का न्हाई?"

मावशी पिठाच्या हातानं बाहेर आली. "आवो, जरा पुढं व्हा," ती काकांना म्हणाली. काका पुढे झुकले. तिनं मागून पाठ उचलली. खट. काका सरळ बसले. तिनं त्यांच्या नाकावर चष्मा चढवला, चष्म्याला पीठ लागलं.

"हां भावजी. कुणाबद्दल बोलायलाव? हे बसल्यात, ह्यांच्यासंगंच बोला."

"मी जागाच हाय," काका म्हणाले.

सरपंचांना एकदम पावसाची आठवण झाली. मग कापसाची. मग दोघं भाऊ लहानपणी बालाघाटच्या डोंगरात शेरडं राखायचे त्याची, आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. जाताना त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना मनातून पुरतं माफ मात्र केलं नाही.

तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा काका बसून जगले. एका संध्याकाळी मावशीनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाठ पाडली. खटका वाजला आणि काका काही बोलले नाहीत. तिला वाटलं, दमलेत. तिनं पाठ मधल्या खटक्यावर घेतली, चादर घातली, सुरकुत्या काढल्या आणि मग वळली. काका खुर्चीतच होते, बसलेले. लोकांनी त्यांना भुईवर घेतलं, पाय दक्षिणेला केले, तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मी तिकडं वळले तेवढ्यात गेले," हे ती पुढे कित्येक महिने, कुणी विचारलेलं नसताना, भाजी निवडतानासुद्धा म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

त्यानंतर ती स्वतः तो सोफा सपाट करून त्यावर झोपू लागली. मी टोकलं तर म्हणाली, "मला कोण भेटायला येणार हाय?" दवाखान्यातल्या पेशंटची माणसं येतच होती. ती आली की मावशी सोफा त्यांना द्यायची आणि भुईवर अंथरायची. रडून हातपाय गळालेली माणसं तो सोफा कसाही उघडायची, कसाही आपटायची. त्यात मधला खटका झिजला.

यंदा मावशीला अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. बातमी पसरली आणि तिच्या घरी कधी ना कधी झोपलेले सगळे आले. सोफ्याभोवती उभे राहिले. "लई केलं हो हिनं आपल्यासाठी." "आता हिचं कोण करणार?" "खाती का काही?" मावशी सपाट पडून आढ्याकडे बघत होती. मला तिचं झोपलेल्या माणसाबद्दलचं ते वाक्य आठवलं आणि माझं डोकं फिरलं. मी सोफ्याची पाठ उचलून मधल्या खटक्यावर घेतली. ती तिथं थांबेना. उशी लावली, उशी सरकली. सरळ बैठकीवर घेतलं तर मावशी एका अंगावर कलंडायला लागली.

सोफा आणि भिंत यांच्यामध्ये सोडलेली जागा होती. मी तिच्यात शिरले, पाठ दोन्ही हातांनी अर्ध्यात उचलून धरली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मावशीचं तोंड लोकांसमोर आलं.  मग केजकडची एक बाई पुढे होऊन तिच्या पायाशी बसली. "मावशी, वळखलं का? पोराला साप चावल्ता तवा आलते मी."

मावशीचं तोंड वाकडं झालं होतं. शब्द यायला वेळ लागला. "पोरगा... कसा हाय?"

"चांगला हाय. लगीन ठरलंय त्याचं."

मग एकेक जण बसू लागला आणि तिच्याशी बोलू लागला. लोक येत होते तितके दिवस, दुपारची मी त्या फटीत उभी राहत होते.

येणाऱ्यांच्या शेवटच्या दुपारी सगळे गेल्यावर मी तशीच उभी होते. पकड पुन्हा पुन्हा बदलत होते. मावशीला ते पाठीला कळत असणार.

"गेली का समदी?"

"गेली."

"मंग सोड आता. हात दुखत्याल."

"न्हाई दुखत," मी म्हटलं. खरं तर खांद्यापासून बधिर झाले होते.

"पोरी, सोड. आता कुणासंगं बोलायचं न्हाई ऱ्हायलं."

मी तरी थोडा वेळ धरून राहिले. मग पाठ हळूहळू खाली घेतली, शेवटपर्यंत हातात धरून, तिचं डोकं आपटू नये म्हणून. ती पुन्हा आढ्याकडे बघू लागली.  मी फटीतून बाहेर आले, तिच्या उशाशी भुईवर बसले आणि तिच्याशी बोलत राहिले.