डावीकडेच वळणाऱ्या गाड्या

जुन्या जालन्यातली आमची गल्ली इतकी अरुंद की विमानतळावर न्यायला आलेली गाडी आत शिरेना. मग माझ्या बॅगा गल्लीतल्या पोरांनी डोक्यावर घेतल्या आणि त्यांच्या पुढं मी निघाले. पायात नवेकोरे पांढरे बूट, इरकली साडी बुटावर पडू नये म्हणून वर खोचलेली. धान्याच्या दुकानासमोर हमाल पोती उतरवत होते, ते थांबून बघू लागले. मी त्यांना हात केला. जणू विमान मीच चालवणार होते! बँडच काय तो कमी होता. साठी ओलांडलेली बाई, पण अक्कल बिलकुल सोळा वर्षांची.

माझी नणंद मंदाताई बदनापूरहून मुद्दाम आल्ती. तिनं माझ्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, "वैनी, जल्दी या."

"दिवाळीला येतेच की," मी म्हणाले. "विमानाला काय वेळ लागतो?"

जालन्यात राहिलेल्यांनो, ती दिवाळी कुठं गेली ते मलाही ठाऊक नाही. आणि माझ्यासारखंच बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला विचारायची गरजच नाही.

मी चालले होते पोलंडला, माझ्या लेकाकडं, राजूकडं. तो कंपनीच्या कामावर तिकडं गेला तेव्हा त्याचा मुलगा, आमचा ओंकार, नऊ वर्षांचा होता. पुढं राजूचे वडील गेले. सगळं आयुष्य त्यांनी जालन्याच्या सळईच्या कारखान्यात भट्टीसमोर काढलेलं. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि राजू फोनवर म्हणाला, "आई, आता तिथं एकटी राहून काय करणारेस?" मी लगेच बूट आणायला गेले.

खरं तर हे माझं दुसरं परदेशगमन. पहिलं झालं ते मंठ्याजवळच्या आमच्या खेड्यातून जालन्याला, लग्न होऊन. तेव्हा मी चंद्रकला होते. मंठ्याच्या स्टँडपर्यंत मी असा काही गळा काढला की ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, कोणाला लागलं का. मंठा मागं पडलं, कोणीतरी हातात लिमलेटची गोळी दिली आणि मी खिडकीतून जग बघायला लागले. रडायचं विसरूनच गेले. संध्याकाळी सासरी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, "सुनंदा". सगळ्यांना साखर वाटली. झालं. कुळ बदललं, कुलदैवत बदललं, आडनाव बदललं आणि चंद्रकला त्या तांदळाबरोबर डब्यात गेली. मला काय आनंद! महिन्याभरानं माझा भाऊ भेटायला आला आणि दारातून "चंदे" म्हणून ओरडला, तर ही शहाणी आतून म्हणते, "इथं चंदा कोणी राहत न्हाई." आईला ते कळलं. पुढं माहेरी गेले तेव्हा ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "नाव बदललंस ते बराबर केलंस, बाई. पण मी हाक मारली तर ऐकू येऊ दे."

तर अशी ही बाई पोलंडात उतरली. गाव छोटं, घरं नीटनेटकी, सहा महिने आभाळ भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. मी लावलेली तुळस पहिल्याच थंडीत गेली. शेजारच्या हालिनाबाई मला "बाब्चा" म्हणू लागल्या. बाब्चा म्हणजे आजी. म्हणजे तिसरं नाव पडलं, आणि या वेळी साखरसुद्धा वाटली नाही.

त्या गावाला एकच वेड, झुझेल. म्हणजे मातीच्या गोल मैदानावरची मोटरसायकलची शर्यत. इंग्रजीत स्पीडवे म्हणतात. चार जण, चार फेऱ्या, संपलं. आपल्याकडं क्रिकेटला काय लोक वेडे होतील! इथं रविवारी दुपारी चर्चमधून निघालेलं सगळं गाव, पाद्रीबाबासकट, थेट मैदानावर. ओंकार लहानपणी इथं आला तेव्हा त्याला भाषा येत नव्हती, कोणी खेळायला घेत नव्हतं. हालिनाबाईचे यजमान मैदानावर गाड्या दुरुस्त करायचे, ते त्याला सोबत न्यायला लागले. गाडीवर बसल्यावर बोलावं लागत नाही, हे पोराला तिथं कळलं. मी पोचले तेव्हा तो सोळाचा होता आणि शर्यतीत उतरायला लागला होता.

पहिल्यांदा मैदानावर त्याची गाडी बघितली तेव्हा मी सगळीकडून हात फिरवला.

"ब्रेक कुठंय रे?"

"नसतो, आज्जी."

"मंग थांबतो कसा?"

"थांबायचंच नसतं."

"आणि हे काय, सगळे डावीकडंच वळून राह्यले? देवाला कोणी अशी उलटी प्रदक्षिणा घालतं का?"

तो हसून हसून खाली बसला. पण मी सोडते की काय! उलट्या फेऱ्या आपल्याकडं फक्त स्मशानात घालतात. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीनंतर घरी आला की मी त्याला जेवणाच्या टेबलाभोवती चार सुलट्या फेऱ्या मारायला लावायचे. तुळस नव्हती, म्हणून टेबलावर मिठाची बरणी. सून स्वाती म्हणायची, "आई, पुरे." पण ओंकार गुमान फिरायचा, अंगाला तो स्पिरिटसारखा इंधनाचा वास, भुवयांत माती. एखाद्या दिवशी आपणहून विचारायचा, "आज्जी, बरणी कुठंय?"

वीस वर्षांचा झाल्यावर अडचण सुरू झाली. संघात अमुक जण या देशाचेच हवेत, असा तिकडं नियम. परदेशी म्हणून जी जागा उरते ती जगातल्या मोठ्या खेळाडूंसाठी. आमचा ओंकार या मातीत वाढला, यांच्या भाषेत शिव्या देतो, पण पासपोर्ट भारताचा. म्हणजे परदेशी. आणि भारताचा म्हणावं तर भारतातून त्याला विचारणारं कोणी नाही. या खेळात देश बदललेले कितीतरी. कोणी बायकोच्या देशाचा होतो, कोणी कामाच्या. आणि कित्येकांची आजी कामाला येते! हालिनाबाई सांगायच्या, अमक्या ऑस्ट्रेलियन पोराची आजी पोलिश निघाली, लगेच पासपोर्ट. तमक्याची आजी जर्मन निघाली. मी ओंकारला म्हणाले, "तुझंच नशीब फुटकं. तुझी आजी मंठ्याची निघाली."

पण इतकी वर्षं राहून तो तिथलाच झाला होता, त्याला अर्ज करता येत होता. प्रशिक्षकांनीही सांगितलं, कागद झाले तर क्लबात पक्की जागा, आणि पुढच्या उन्हाळ्यात देशाच्या संघासाठी नाव सुचवतो. त्या एका वाक्यावर पोराची झोप उडाली. देशाच्या संघाचं जाकीट, छातीवर पोलंडचा पांढरा गरुड. त्याला दुसरं काही दिसेना.

आपल्या कायद्यात एकाच वेळी दोन देश चालत नाहीत. ते घ्यायचं तर हे सोडायचं.  राजू एकदा जेवताना म्हणाला, "आम्ही इतकी वर्षं राहिलो, पण सोडलं न्हाई. हा शर्यतीचा धंदा, उद्या संपला तर?"

"बाबा, मी तिथला असतो तर सोडायचा प्रश्न आला असता ना," ओंकार म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आज्जी, तू बोल."

"मी काय बोलू? माझं तर तांदळात बदललं. मला कोणी विचारलं होतं का?"

सगळे हसले. राजू नाही हसला.

नवा पासपोर्ट आला त्या दिवशी मी खरंच ताट काढलं. तांदूळ पसरले, स्वातीची अंगठी ओंकारच्या हातात दिली आणि म्हणाले, "लिही नव्या घरचं नाव." त्यानं लिहिलं. मी साखर वाटली. हालिनाबाईलाही दिली, ती बिचारी चमचा शोधत बसली. राजू उठून बाल्कनीत गेला. पुढं ओंकारचा जुना पासपोर्ट रद्द होऊन परत आला, कोपरा कापलेला, बाजारातल्या खुणेच्या बकरीच्या कानासारखा. तो मात्र राजूनं आपल्या कपाटात ठेवला.

एक उन्हाळा चांगला गेला. लोक त्याच्या नावानं ओरडायचे, नाव वाकडं घ्यायचे पण घ्यायचे. मग हिवाळ्यात डेन्मार्कचा एक नावाजलेला खेळाडू पोलिश झाला. त्याची बायको इथली. आता तोही इथला मोजला जाणार. क्लबानं ओंकारची जागा त्याला दिली आणि देशाच्या संघातही तोच गेला. कोणाची काही चूक नाही. त्या माणसानं देश बदलला तसाच ओंकारनंही बदलला होता, फक्त तो माणूस जास्त जोरात पळायचा. प्रशिक्षकांनी ओंकारच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्याचं नाव काही काढलं नाही. खालच्या दर्जाच्या एका क्लबात तो थोडे दिवस खेळला. मग तेही संपलं. घरी आल्यावर तो बरणीचं विचारीना, मीही टेबल तसंच राहू दिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याला जालन्याला घेऊन आले. म्हटलं, जरा हवापालट. मुंबईला उतरलो तर मी भारतीयांच्या रांगेत, तो परदेशी लोकांच्या. माझी रांग भराभर सरली. काचेपलीकडं उभी राहून मी त्याला बघत होते, उंच, सावळा, गोऱ्या लोकांत उभा. साहेब त्याला काहीतरी विचारत होता आणि तो मराठीत उत्तर देत असावा, कारण साहेब दोनदा पासपोर्ट उलटून बघत होता.

मंदाताईचा मुलगा बाळू मोठ्या उत्साहाचा. "दादा, एक चक्कर मारून दाखव," म्हणून त्यानं बदनापूरच्या शेतात, तूर काढलेल्या रानात, चुन्याची गोल रेघ मारली आणि मित्राची मोटरसायकल आणली. अर्धं गाव जमलं. एका आजोबांनी ओंकारला विचारलं, "इंडियाकडून खेळतो का तू?"

"न्हाई."

"मंग त्यांच्याकडून?"

"त्यांच्याकडून पण न्हाई."

"अरे मंग कोणाकडून?"

बाळू मधेच ओरडला, "आज आमच्याकडून! चला, सरका मागं!"

किती दिवसांनी ओंकारचा चेहरा उजळला. त्यानं गाडी जोरात घातली, पहिल्या वळणावर मागचं चाक आडवं टाकलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि दुसऱ्या वळणावर चाक भेगेत अडकलं. आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पोरगा लांब जाऊन पडला. उठला, धूळ झटकली.

"लागलं का रे?" मी विचारलं.

"न्हाई आज्जी. ही माती चाक धरून ठेवती. घसरू देत न्हाई."

बाळू कुठला ऐकतो! म्हणाला, "मुरूम टाकू. लाल मुरूम टाकला की बराबर होतं. आपण इथंच सुरू करू, दादा. तू पोरांना शिकव."

ओंकार खाली बसून मातीकडं बघत होता. त्यानं मान वर केली. त्याला ते पटत होतं, मला दिसत होतं. "करता येईल," तो हळूच म्हणाला. "फक्त रोज पाणी मारावं लागतं. टँकरनं. न्हाईतर धूळ उडती, पुढचं दिसत न्हाई."

मंदाताईनं पदर डोक्यावर ओढला. "पाणी?" ती म्हणाली. "रोज? बाबा, इथं प्यायला टँकरची वाट बघून राह्यलो आम्ही."

 बाळूनं गाडी उभी केली. आजोबा म्हणाले, "चहा घेऊ चला." ओंकारनं दोन कप घेतले. आठवड्यानं आम्ही परत आलो. मंदाताईनं हातावर दही घातलं, पण जल्दी या म्हणाली नाही. मीही दिवाळीचं नाव काढलं नाही.

आता ओंकार त्याच मैदानावर कामाला आहे, त्या डेन्मार्कवाल्याच्या गाड्या बघतो. साखळी बदलतो, चाकं धुतो, शर्यतीआधी गाडी ढकलत रेषेपर्यंत नेऊन देतो. चांगलं काम करतो म्हणतात. मीही रविवारी जाते, हालिनाबाईशेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलते. घरी बसून काय करू?

परवा देशादेशांची शर्यत आमच्या गावात झाली आणि डेन्मार्कवाला जिंकला. पोलंडचं राष्ट्रगीत लागलं. सगळं मैदान उभं राहिलं, मीही गुडघ्यावर हात देऊन उठले. वर पायरीवर तो विजेता उभा होता, छातीवर गरुड. नुसते ओठ हलवत होता. त्याला शब्द येत नाहीत, लांबूनसुद्धा कळतं. मी खाली बघितलं. गाडीजवळ ओंकार ताठ उभा होता, काळा तेलकट हात छातीवर, आणि गात होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. त्याच्याकडं कोणी बघत नव्हतं.

हालिनाबाईनं मला कोपर मारलं, "बाब्चा, गा!"

मला कुठलं येतंय? मीही ओठ हलवले. तुम्ही फोनवर विचारता, वैनी, आता घर कोणतं वाटतं, तिथलं का इथलं? मला काही कळत नाही, बायांनो. ते पोरगं जिथं उभं असतं तिथं मी उठून उभी राहते. त्याला कोणी बसायला सांगत नाही, म्हणून मीही बसत नाही.